सुडोची साडेसाती

बेसिक लिनक्सचा कोर्स केलेला माणूस निरुपद्रवी असतो. त्याला पीडब्ल्यूडी, एलएस आणि सीडी एवढंच येतं. म्हणजे आपण कुठे आहोत, इथे काय काय आहे आणि इथून निघायचं कसं. एंटर दाबण्याआधी तो शेजाऱ्याला विचारतो, ‘दाबू ना?’ सर्व्हर सांभाळता सांभाळता केस पिकलेला माणूसही तितकाच निरुपद्रवी. त्याला सगळं येतं, म्हणून तो सहसा काही करत नाही. आधी बॅकअप बघतो, मग चहाला जातो, मग ‘उद्या सकाळी करू’ म्हणतो, आणि सकाळपर्यंत निम्मे प्रश्न आपोआप सुटलेले असतात. काळजी करावी ती या दोघांच्या मधल्याची. दीड-दोन वर्षांचा अनुभव, हातात सुडोचा, म्हणजे सर्व्हरवर काहीही करण्याचा, अधिकार, आणि गूगलवरचं पहिलं उत्तर वाचून दुसरं न वाचण्याची सवय. सर्व्हरला साडेसाती लागते ती अशांच्या हातून.

या मधल्या माणसांसाठी इंटरमीजिएट प्रशिक्षण असतं. इंटरमीजिएट म्हटलं की महाराष्ट्रात निम्म्या लोकांना चित्रकलेची ग्रेड परीक्षा आठवते: दहावीला वाढीव गुण आणि हॉलमध्ये फ्रेम करून लावलेलं स्थिरचित्र. सर्व्हरच्या इंटरमीजिएटला वाढीव मिळतो तो पगार, आणि तोही मिळाला तर. पुण्यात असे क्लास डेक्कनपासून वाकडपर्यंत जागोजागी आहेत. खाली झेरॉक्स, वर स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका, आणि मधल्या मजल्यावर ‘लिनक्स, क्लाउड, डेव्हऑप्स, शंभर टक्के प्लेसमेंट असिस्टन्स’. यातला ‘असिस्टन्स’ हा शब्द पाटीवर जरा बारीक अक्षरात असतो.

शनिवार-रविवारच्या अशाच एका बॅचमध्ये मी बसलो होतो. पहिल्या बाकावर हिंजवडीतून नाइट शिफ्ट संपवून थेट आलेला मुलगा. अमेरिका जागी असते तेव्हा हा जागा असतो आणि भारत उठला की याला झोप येते. क्लास मात्र नेमका भारताच्या वेळेप्रमाणे. त्याच्या मागे एका पतसंस्थेचे आयटीवाले काका. संस्थेचा सर्व्हर त्यांच्या टेबलाखालीच आहे. चुकून पाय लागला की काका त्याला नमस्कार करतात. खिडकीशी एक मॅडम, ज्यांच्या टीममध्ये माणसं बारा आणि रूटचा, म्हणजे सर्वेसर्वा खात्याचा, पासवर्ड एक. आणि शेवटच्या बाकावर तो, प्रत्येक बॅचला एक ठरलेला असतो तो: ‘सर, हे इंटरव्ह्यूला विचारतात का?’

सरांनी हजेरी घेतली नाही, ओळखपरेड केली नाही. फळ्याकडे पाठ करून विचारलं, ‘आजवर प्रॉडक्शन कोणी कोणी पाडलंय?’ प्रॉडक्शन म्हणजे लोक प्रत्यक्ष वापरतात ते सर्व्हर. बिचकत दोन हात वर आले. ‘ठीक. बाकीच्यांनीही पाडलंय, फक्त त्यांना अजून कळलेलं नाही.’

इतिहास त्यांनी दोन वाक्यांत उरकला, आणि मीही तेवढ्यातच उरकतो. १९९१ साली पुण्यात सी-डॅकने परम ८००० हा महासंगणक उभा केला आणि त्याच वर्षी हेलसिंकीतल्या लायनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत असल्याचं जगाला कळवलं. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतलं प्रत्येक यंत्र त्या छंदावर, म्हणजे लिनक्सवर, चालतं. आपल्याकडे छंदाने पोट भरत नाही असं म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे सांगून उपयोग नसतो. ते विचारतात, ‘त्याला महिन्याला किती मिळतात?’

मग सर क्रॉनवर आले. क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी ठरलेलं काम करणारा लिनक्समधला गडी. त्याला पाच गोष्टी सांगायच्या: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. बेसिकमध्ये हे सगळ्यांचं झालेलं होतं, त्यामुळे वर्ग जरा सैलावला. काकांनी आपला खरा प्रश्न मांडला. बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात, त्यांची पतसंस्थाही तोच रिवाज पाळते. तर दुसऱ्या शनिवारी रात्री सर्व्हरची साफसफाई आपोआप व्हावी. सगळ्यांनी झटकन लिहिलं: तारीख ८ ते १४, वार शनिवार. दुसरा शनिवार याच तारखांत पडतो, हिशोब चोख.

सर म्हणाले, ‘ही साफसफाई महिन्यातून किती वेळा होईल?’

‘एकदा.’

‘दहा वेळा. कधी अकरा.’

तारीख आणि वार दोन्ही सांगितले की क्रॉन त्यांच्यात ‘आणि’ धरत नाही, ‘किंवा’ धरतो. म्हणजे ८ ते १४ रोज, शिवाय उरलेले सगळे शनिवार. युनिक्समध्ये हे कित्येक दशकं असंच आहे, मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि मॅन्युअल वाचणं हे मधल्या माणसाला कमीपणाचं वाटतं. यावर उपाय असा की क्रॉनला फक्त शनिवार सांगायचा आणि तारीख ८ ते १४ मध्ये आहे की नाही हे कमांडमध्येच तपासायचं. नाइट शिफ्टवाल्याने डोळे चोळत ते लिहिलं, सगळ्यांनी उतरवून घेतलं, आणि तेही चाललं नाही. कारण तारीख विचारायच्या कमांडमध्ये टक्क्याचं चिन्ह येतं आणि क्रॉनच्या लेखी टक्का म्हणजे ओळ संपली. त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. एका खड्ड्यातून बाहेर काढणारी शिडी दुसऱ्या खड्ड्यात टेकवलेली, हे पाहून काकांनी वही मिटली आणि म्हणाले, ‘मी शनिवारी स्वतःच येत जाईन.’ वीस मिनिटांत त्या वर्गात सर्वांत परिपक्व प्रशासक कोण, हे ठरून गेलं.

सरांची खरी शाळा जेवणानंतर भरायची. आम्ही वडापाव खायला खाली उतरलो की ते प्रत्येकाच्या यंत्रात काहीतरी मोडून ठेवत. परत येऊन बसलं की एकच सूचना: ‘वेबसाइट दिसत नाहीये. बघा.’ वरवर सगळं ठीक. सेवा चालू, पोर्ट उघडं, फाइल जागच्या जागी, आणि ब्राउझरमध्ये ४०३, म्हणजे तुम्हाला मनाई आहे. अशा वेळी मधल्या माणसाचा हात आपोआप एका कमांडकडे जातो: चमोड ट्रिपल सेव्हन. म्हणजे सर्वांना सर्व परवानग्या. दार उघडत नाही म्हणून भिंतच पाडायची हा उपाय इतका लोकप्रिय आहे की काही कंपन्यांत त्याला ‘परमिशनचा इश्यू सॉल्व्ह केला’ असं म्हणून तिकीट बंद केलं जातं. इथे मात्र तो करूनही ४०३ हटेना. मग दुसरा हुकमी उपाय: सेटएन्फोर्स झिरो. एसईलिनक्स या पहारेकऱ्याला गप्प बसवायचं. साइट उघडली. वर्गात जल्लोष.

सरांनी जल्लोष संपू दिला. एसईलिनक्स अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीने घडवून २००० साली जगापुढे खुलं केलं. जगातल्या सर्वांत संशयी लोकांनी संशय कसा घ्यावा हे लिनक्सला शिकवलं, आणि आपल्याकडे सर्व्हर बसवल्यावर पहिलं काम काय, तर तो संशय बंद करणं. सरांनी दुपारी केलेलं काम अगदी क्षुल्लक होतं. त्यांनी साइटची फाइल आपल्या घरच्या फोल्डरमध्ये बनवली आणि एमव्हीने वेबच्या फोल्डरमध्ये हलवली. एमव्हीने हलवलेली फाइल आपली जुनी ओळख, म्हणजे एसईलिनक्सचं लेबल, बरोबर घेऊन येते. सीपीने नक्कल केली असती तर तिला नव्या जागेचं लेबल मिळालं असतं. वेबसर्व्हरला घरगुती लेबलाची फाइल वाचायची परवानगी नाही, म्हणून मनाई. रिस्टोअरकॉन अशी एक कमांड, एक एंटर, काम फत्ते. परवानग्या ढिल्या करायच्या नाहीत, पहारा उठवायचा नाही. नकार कोणी, कुणाला, का दिला हे सगळं ऑडिटच्या लॉगमध्ये तारीखवेळेसह लिहिलेलं होतं. पण लॉग वाचायचा म्हणजे वाचायचं आलं.

‘सर, हे इंटरव्ह्यूला—’

‘विचारतात.’ शेवटच्या बाकावर पेन सरसावलं.

इंटरव्ह्यूला आणखी एक हमखास विचारतात, डिस्क मोजणाऱ्या दोन कमांडच्या भांडणाविषयी. डीएफ सांगतो डिस्क शंभर टक्के भरली. डीयू फाइलींची बेरीज करून सांगतो निम्मीसुद्धा भरलेली नाही. दोघेही खरं बोलतात. मधे कोणीतरी मधल्या पातळीचा माणूस येऊन गेलेला असतो, त्याने अगडबंब झालेली लॉगची फाइल आरएमने उडवलेली असते आणि जागा झाली म्हणून समाधानाने घरी गेलेला असतो. पण ज्या प्रोग्रॅमने ती फाइल उघडी धरलेली असते तो तिच्यात लिहीतच राहतो. फाइलीचं नाव गेलं, जागा सुटली नाही. इंजिनिअर मंडळी हे समजून घेण्यात गढलेली असताना काका शांतपणे म्हणाले, ‘म्हणजे सातबाऱ्यावरून नाव उडालं, पण ताबा सोडलेला नाही.’ सरांनी फळ्यावर काढलेली आकृती पुसून टाकली. एलएसओएफ या कमांडने ताबेदार कोण ते कळतं. त्याला रीस्टार्ट केलं की जमीन मोकळी.

डिस्कवरून निघालंच आहे तर एक्सएफएसचंही सांगून टाकतो. रेड हॅट या लिनक्स विकणाऱ्या कंपनीने २०१४ साली आवृत्ती ७ पासून ही फाइल सिस्टिम आपली नेहमीची केली. ती वाढवता येते, लहान करता येत नाही. डिस्कची जागा वाटून देणारं एलव्हीएम शिकून नुकताच तरबेज झालेला माणूस वीस जीबीच्या जागी दोनशे जीबी देऊन बसतो आणि मग परत घ्यायला जातो; तेव्हा त्याला बॅकअप, पुसणं, नवं बनवणं आणि परत भरणं अशी यात्रा घडते. खिडकीतल्या मॅडम म्हणाल्या, मुलांच्या पॉकेटमनीचंही असंच असतं. यावर कोणी वाद घातला नाही.

मधल्या पातळीची सर्वांत प्रसिद्ध रात्र म्हणजे ३१ जानेवारी २०१७. गिटलॅब ही कंपनी जगभरच्या प्रोग्रॅमरांचं लिखाण सांभाळते. डेटाबेसची दुय्यम प्रत मुख्य प्रतीशी मेळ धरेना म्हणून त्यांचा एक इंजिनिअर रात्री उशिरापर्यंत झगडत होता. दुय्यम यंत्रावरचं फोल्डर रिकामं करून नव्याने सुरुवात करावी म्हणून त्याने उडवायची कमांड मारली, आणि क्षण-दोन क्षणांत त्याच्या लक्षात आलं की आपण मुख्य यंत्रावर बसलो आहोत. कमांड थांबवली तेव्हा सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप बघायला गेले. बॅकअप आणि नकलांच्या पाच तऱ्हा होत्या, त्यातली एकही धड कामाला येईना. रोजचा बॅकअप डेटाबेसच्या आवृत्त्या जुळत नसल्यामुळे होतच नव्हता, आणि होत नसल्याचे ईमेल स्वीकारलेच जात नव्हते. अखेर वाचवलं ते एलव्हीएमच्या एका स्नॅपशॉटने, म्हणजे डिस्कच्या त्या क्षणाच्या प्रतीने. तोही त्याच इंजिनिअरने काही वेगळ्याच कामासाठी सुमारे सहा तास आधी घेतलेला. कंपनीने हे काही झाकलं नाही. दुरुस्तीचं थेट प्रक्षेपण यूट्यूबवर केलं आणि हजारो लोकांनी ते पाहिलं. सर्व्हरचं काम इतक्या लोकांनी एकाग्रतेने पाहिल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. अधिकृत अहवालात त्या माणसाचं नाव नाही, ‘टीम-मेंबर-१’ असं आहे. माझ्या मते इंटरमीजिएटच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा तो अहवाल वाचावा. त्यात खलनायक नाही, आळशी माणूसही नाही. रात्री उशिरा दोन खिडक्या उघड्या ठेवून बसलेला एक कष्टाळू माणूस आहे, आणि सर्व्हर पडतात ते बहुधा कष्टाळू माणसांकडूनच.

त्या घटनेनंतर कंपनीने जी कामांची यादी केली तीत एक अगदी साधं काम होतं: कुठल्या यंत्रावर आहोत हे चटकन कळावं म्हणून प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड लिहायच्या जागेआधीचा मजकूर, वेगवेगळे करणं. सरांनी ते आमच्याकडून लगेच करवून घेतलं. प्रॉडक्शनचा प्रॉम्प्ट लाल, बाकीचे हिरवे. लाल रंग सगळ्यांना इतका भावला की संध्याकाळपर्यंत वर्गातल्या प्रत्येकाने आपल्या सगळ्याच यंत्रांचे प्रॉम्प्ट लाल केले होते, आणि परिस्थिती पूर्ववत झाली.

नको ते उडवण्याची ही विद्या जुनी आहे. १९९८ मध्ये पिक्सारमध्ये ‘टॉय स्टोरी २’ बनत असताना कोणीतरी चुकीच्या जागी आरएम मारली आणि वुडीच्या टोपीपासून खुद्द वुडीपर्यंत एकेक वस्तू पडद्यावरून गायब होऊ लागली. बॅकअप तिथेही बिघडलेलेच. गॅलिन सुसमन या तंत्रदिग्दर्शक नुकत्याच बाळंत झाल्या होत्या, घरून काम करता यावं म्हणून त्यांच्या घरच्या संगणकावर सिनेमाची प्रत ठेवलेली होती. तो संगणक गोधड्यांत गुंडाळून गाडीने स्टुडिओत आणला आणि सिनेमा वाचला. पुढे गोष्टच पसंत न पडल्यामुळे त्यातलं बरंचसं पुन्हा नव्याने केलं, तो भाग वेगळा. वर्क फ्रॉम होम नको म्हणणाऱ्या व्यवस्थापकांनी निदान बॅकअपसाठी तरी बाळंतपणाची रजा मंजूर करावी, असं खिडकीतल्या मॅडमचं मत पडलं.

आता परीक्षेविषयी, कारण शेवटच्या बाकाचा तोच मुख्य विषय होता. रेड हॅटच्या परीक्षांत पर्याय निवडायचे नसतात. समोर यंत्रं देतात आणि कामं देतात: हे बसवा, ते जोडा, याला परवानगी द्या, त्याला देऊ नका. इंटरनेट नाही. मॅन पेज (तेच ते मॅन्युअल) उघडायला मात्र पूर्ण मुभा, म्हणजे वर्षभर ज्याचं तोंड पाहिलं नाही त्याचेच पाय धरायची वेळ. ३०० पैकी २१० गुण लागतात. आणि खरी मेख अशी की तुम्ही केलेलं सगळं रीबूटनंतर टिकलं पाहिजे. इथे भलेभले पडतात. फायरवॉलला नियम सांगितला पण कायमचा आहे असं सांगितलं नाही, तर रीबूटनंतर तो गेला; नुसतं कायमचा म्हणून सांगितलं आणि रीलोड मारला नाही, तर आत्ता लागूच झाला नाही. एफएसटॅब या फाइलीत डिस्कची एक ओळ चुकली तर यंत्र उठतच नाही, इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन रूटचा पासवर्ड मागत बसतं. रीबूटआधी एकदा ‘माउंट हायफन ए’ मारून बघितलं तर हे टळतं, दोन सेकंदांचं काम आहे. पण मधला माणूस ते करत नाही, कारण आपली ओळ बरोबरच आहे हे त्याला माहीत असतं.

या परीक्षांचे ‘डंप’, म्हणजे फुटलेले प्रश्न, विकणारेही आहेत. ते पाठ करून पास झालेल्यांबद्दल मला राग नाही, कुतूहल आहे. रात्री तीन वाजता सर्व्हर पडतो तेव्हा तो डंपातला प्रश्न विचारत नाही, हे त्यांना कळतं तेव्हा त्यांचा चेहरा कसा होत असेल?

शेवटच्या आठवड्यांत अ‍ॅन्सिबल आलं. २०१९ मध्ये रेड हॅटची आवृत्ती ८ आली तशी आरएचसीई ही वरची परीक्षा सगळी त्याच्यावरच गेली. एका यंत्रावर बसून शंभर यंत्रांना कामाला लावायचं. काम कागदावर उतरवल्यासारखं फाइलीत लिहायचं, स्पेस मोजून द्यायच्या, टॅब दिला की चालत नाही. नाइट शिफ्टवाल्याची झोप प्रथमच पूर्ण उडाली. रात्रभर शंभर सर्व्हरांवर एकेक करून फिरण्याची त्याची नोकरी पंधरा ओळींत बसत होती. आनंद मानावा की बायोडेटा अपडेट करावा, हे त्याला ठरवता येईना. सरांनी त्याच्या आनंदावर ताबडतोब पाणी ओतलं. पूर्वी एक चूक शंभर ठिकाणी करायला रात्र लागायची, मधे कुठेतरी लक्षात यायचं. आता एंटर एकदाच. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी, म्हणजे गिटलॅबनंतर महिन्याच्या आतच, अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री सेवेत थोडेसे सर्व्हर बाजूला काढण्याच्या कमांडमध्ये एक मूल्य चुकीचं टाइप झालं, अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर निघाले आणि अर्ध्या इंटरनेटने तीन-चार तास डोळे मिटले. अ‍ॅन्सिबलला ‘चेक’ म्हणून आधी नुसतं दाखव, करू नकोस, असं सांगता येतं. आणि ‘लिमिट’ देऊन आधी एकाच यंत्रावर चालवता येतं. सरांनी हे दोन शब्द सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घेतले.

बॅच संपली तेव्हा आमची गती निम्म्यावर आली होती. आत आलो तेव्हा फटाफट कमांड मारणारी पोरं आता होस्टचं नाव बघत होती, लॉग उघडत होती, एंटरवर बोट ठेवून क्षणभर थांबत होती. एका पालकाने, म्हणजे एका मॅनेजरने, फोन करून तक्रारही केली म्हणे: ‘फी भरून पाठवलं, आणि पोरगा आधीपेक्षा हळू झाला.’ इंटरमीजिएट प्रशिक्षणाची यापेक्षा चांगली गुणपत्रिका मला तरी माहीत नाही.

आता तुमच्याकडे एक मागणं, कारण तुम्ही बहुधा या धंद्यातले नसाल आणि तुमचं कुठलं ना कुठलं काम अशाच एखाद्या मधल्या पातळीच्या पोराच्या एंटरवर अवलंबून आहे. जुलैचा शेवटचा शुक्रवार जगभर सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरांच्या कौतुकाचा दिवस म्हणून पाळतात. टेड केकाटोस या अमेरिकन अ‍ॅडमिनने २००० साली तो सुरू केला. कृतज्ञ सहकारी अ‍ॅडमिनला फुलं आणि फळांच्या टोपल्या देताहेत अशी एक जाहिरात पाहून त्याला ती कल्पना सुचली. तुम्ही फुलं-फळं देऊ नका. आपल्याकडे ती घेऊन कोणी टेबलाशी आलं की शेजारचे विचारतात, कुठल्या हॉस्पिटलात आहे? त्याऐवजी एवढंच करा: त्या शुक्रवारी, आणि जमलं तर कुठल्याच शुक्रवारी, दुपारी चारनंतर त्याला ‘एक छोटासाच चेंज आहे’ असा फोन करू नका.